इम्पेलरची तुटलेली दोन पाती गेली कुठे? बोटीचं इंजिन तापतं तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार सिलिंडरचं डिझेल इनबोर्ड इंजिन, हीट एक्स्चेंजरवालं, म्हणजे इंजिनात फिरणारं आतलं पाणी (कूलंट) बाहेरून ओढलेल्या पाण्याने थंड होतं. मागच्या महिन्यात बाहेरच्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) बदलला, तेव्हा जुन्या इम्पेलरची दोन पाती तुटलेली निघाली. त्यानंतर थर्मोस्टॅटही (ठरावीक तापमानाला उघडणारा आतल्या पाण्याचा व्हॉल्व्ह) नवा टाकला. १५०० आरपीएमवर दिवसभर चालवलं तरी तापमानाचा काटा ८२ अंशांवर स्थिर राहतो. २२०० च्या वर गेलं की दहा-बारा मिनिटांत ९५, मग १०० आणि अलार्म. कूलंट घटत नाही, तेल स्वच्छ आहे, धूर नेहमीसारखाच. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं सील) गेलं, हेड उतरवू. उतरवावं का?

उतरवू नका, निदान आत्ता तरी. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: जुन्या इम्पेलरची दोन पाती तुटलेली होती. मग ती गेली कुठे? पंपात सापडली असती तर तुम्ही तसं लिहिलं असतं. पाण्याबरोबर ती पुढेच जाणार, आणि पुढे गेली की पहिल्या अरुंद जागी अडकणार. माझा पहिला संशय तिथेच आहे. पण संशय म्हणजे निदान नव्हे, म्हणून पाना हातात घेण्याआधी काय काय मोजायचं ते सांगतो. मोजायला एक दिवस पुरतो. हेड उतरवून पुन्हा बसवायला किती दिवस जातात, ते ज्याने केलंय त्याला विचारा.

त्याआधी एक काळजीची गोष्ट. कारण सापडेपर्यंत, खाली सांगितलेल्या चाचण्या सोडल्या तर, इंजिन १५०० च्या वर नेऊ नका. पाण्यावर असताना काटा चढायला लागलाच तर सर्वात आधी रेस कमी करा आणि मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते बघा. पाणी पडत असेल तर न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवा. आतलं पाणी फिरत राहतं, उष्णता हळूहळू निघून जाते. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की पाणी जागच्या जागी थांबतं आणि हेडमधली उष्णता तिथेच कोंडते. पण मागे पाणी पडतच नसेल, नुसती वाफ आणि कोरडा खडखडीत आवाज असेल, तर लगेच बंद करा, नांगर टाका, मग बघा. कोरडा फिरणारा इम्पेलर एखाद्या मिनिटातच निकामी होतो आणि एक्झॉस्टचा रबरी पाइप आतून जळायला लागतो. गरम असताना प्रेशर कॅप (आतल्या पाण्याच्या टाकीचं दाब धरणारं झाकण) उघडायची नाही, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही. या दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, तरी घाबरलेला माणूस नेमक्या त्याच करतो.

आता तुमच्या लक्षणाकडे येतो. १५०० वर ठीक आणि २२०० वर तापतं, यातच अर्धं उत्तर आहे. प्रोपेलरला लागणारी ताकद ढोबळमानाने आरपीएमच्या घनाप्रमाणे वाढते. १५०० वरून २२०० म्हणजे आरपीएम जेमतेम दीडपट, पण ताकद तिप्पट. ताकद तिप्पट म्हणजे डिझेल जवळपास तिप्पट आणि पाण्यात जाणारी उष्णताही त्याच हिशेबात. बाहेरच्या पाण्याचा पंप मात्र इंजिनच्याच गिअरवर किंवा पट्ट्यावर फिरतो, तो पाणी दीडपटच देणार. थंड करणारी व्यवस्था अर्धी बुजलेली असली तरी १५०० ला ती पुरते, कारण तिथे गरजच कमी असते. २२०० ला ती उघडी पडते. म्हणून वेग वाढवल्यावरच तापणारं इंजिन दिसलं की मी आधी पाणी कमी पडतंय का, उष्णता पलीकडे जात नाही का, की बोट ओढायला जड झालीय, एवढंच बघतो. हेड गॅस्केट या रांगेत बरंच मागे उभं असतं.

पण त्याहीआधी काट्यावर विश्वास ठेवायचा का, ते ठरवा. एका बोटीचं इंजिन फक्त संध्याकाळी तापायचं. दिवसा ८२, अंधार पडला की ९८. मालकाने थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, कॅप सगळं बदलून झालं होतं. मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसलो आणि त्यांना म्हटलं, दिवे लावा. काटा माझ्यासमोर पंधरा-सोळा अंश चढला, थर्मामीटर ८२ वरून हलला नाही. पॅनेलच्या मागे अर्थची वायर ज्या बोल्टवर होती तो हिरवागार गंजलेला होता. दिव्यांचा आणि मीटरचा अर्थ एकच, त्यामुळे दिवे लागले की मीटर चुकायचा. सँडपेपरने बोल्ट घासला, नवा लग लावला आणि त्या इंजिनचं तापणं संपलं.

म्हणून एक साधा इन्फ्रारेड थर्मामीटर हवाच. मात्र चकचकीत पितळ किंवा ॲल्युमिनियमवर तो खूपच कमी आकडा दाखवतो. जिथे मोजायचं तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा किंवा काळ्या रंगाचा ठिपका द्या, आणि टेपवरच नेम धरा. २२०० वर काटा ९५ दाखवेल तेव्हा थर्मोस्टॅटचं घर किती दाखवतं ते लिहून घ्या. चार-पाच अंशांचा फरक चालतो. पंधराचा असला तर बिघाड वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे. अलीकडे कुणी सेन्सर काढून बसवला असेल तर चुड्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आहे का तेही पाहा. एका वायरच्या सेन्सरला अर्थ चुड्यांमधूनच मिळतो, टेपचे जाड थर त्यात अडथळा आणतात. काटा आणि अलार्म यांचे सेन्सर बऱ्याच इंजिनांवर वेगळे असतात. तुमच्याकडे दोन्ही एकाच वेळी बोंब मारतात, म्हणून मला वाटतं तापणं खरं आहे. तरी मोजा.

पुढची पायरी, पाणी किती येतंय. यासाठी बादली आणि घड्याळ पुरतं. बोट धक्क्याला पक्की बांधा, गिअर न्यूट्रल, एक माणूस थ्रॉटलपाशी, दुसरा एक्झॉस्टच्या तोंडाशी बादली धरून. धूर नाकात जाणार नाही अशा बाजूला उभे राहा. डिझेलच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतो. १००० आरपीएमवर तीस सेकंद पाणी धरा, मापाने मोजा, दुप्पट करा, म्हणजे मिनिटाला किती लिटर ते कळलं. मग तेच २००० वर. वॉटरलॉकमुळे (एक्झॉस्टच्या वाटेवरचा पाणी साठणारा डबा) पाणी गचके देत पडतं, म्हणून पाच-दहा सेकंदांवर अंदाज बांधू नका. मिनिटाला किती लिटर हवं ते इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतं, पण मॅन्युअल हाताशी नसलं तरी अडत नाही. रबरी इम्पेलरचा पंप दर फेऱ्याला ठरावीक पाणी ढकलतो. १००० ला जेवढं येतं त्याच्या दुप्पट नसलं तरी दुपटीच्या आसपास २००० ला यायला हवं. १००० ला १५ लिटर आणि २००० ला १८, असा आकडा आला तर पाणी कुठेतरी नक्की अडतंय.

आता अडथळा पंपाच्या अलीकडे आहे की पलीकडे?

अलीकडची बाजू आधी, कारण ती सोपी आहे. सी-कॉक (बोटीच्या तळातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करा, पंपाकडे येणारा पाइप पंपापासून सोडवा, त्याचं तोंड बादलीत धरा आणि सी-कॉक उघडा. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली असेल तर पाणी जोरात, पाइप भरून यायला हवं. नुसती करंगळीएवढी धार आली तर तळाच्या जाळीत शेवाळ, शंखशिंपले, प्लास्टिकची पिशवी, किंवा सी-कॉक पूर्ण उघडत नाही. हँडल फिरतं पण आतला गोळा फिरत नाही, असेही व्हॉल्व्ह मी पाहिले आहेत. मग गाळणी. टोपली स्वच्छ असणं पुरेसं नाही. झाकणाखालची रबरी रिंग चपटी झालेली असेल तर तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून गळती दिसतच नाही. झाकण पारदर्शक असेल तर २००० वर बुडबुडे दिसतात का ते बघा. झाकण अपारदर्शक असेल तर रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून घट्ट बसवा आणि बादलीचं माप पुन्हा घ्या.

ओढणाऱ्या बाजूचा पाइपही तपासा. एका बोटीला नवाकोरा, चकचकीत पाइप टाकलेला होता. जागेवर उभं राहून सगळं उत्तम, वेग वाढवला की तापायचं. मी पाइपवर तळहात ठेवून बसलो आणि सोबतच्याला रेस वाढवायला सांगितलं. अठराशेच्या पुढे पाइप माझ्या हाताखाली जिभेसारखा चपटा झाला, रेस कमी केली की पुन्हा गोल. आत तारेचा वेढा नसलेला पाइप ओढणाऱ्या बाजूला घातला होता. हात ठेवला नसता तर कळलं नसतं, कारण बंद इंजिनवर तो पाइप निर्दोष दिसतो. तुम्हीही हात ठेवा.

आता पंप. तुम्ही इम्पेलर नुकताच बदललात म्हणून पंप निर्दोष, असं मानू नका. नव्या इम्पेलरमध्येही एक फसवा दोष निघू शकतो. रबर पितळी बुशवर चिकटवलेलं असतं. तो जोड सुटला तर मंद वेगात रबर बुशसोबत फिरतं आणि वेग वाढून जोर आला की बुश आत फिरतो, रबर घसरतं. बाहेर काढून पाहिलं तर सगळी पाती जागेवर, काहीच चुकीचं दिसत नाही. ओळखायची रीत अशी: इम्पेलर काढा, पुसून कोरडा करा, पितळेवरून रबरावर जाणारी एक पांढरी रेघ रंगाने ओढा. रंग सुकू द्या, बसवा, २००० वर पाच मिनिटं चालवा, पुन्हा काढा. रेघ तुटून दोन्ही अर्धी एकमेकांपासून सरकली असतील तर इम्पेलर टाकून द्या.

झाकणाच्या आतल्या बाजूवर बोटाचं नख फिरवा. खोल गोल चरे लागत असतील तर पाणी पात्यांच्या बाजूने मागे निसटतं आणि ओढ कमी होते. बाहेरची बाजू सपाट असेल तर झाकण उलटून बसवता येतं, नाहीतर नवं घ्या. कागदी गॅस्केट कंपनीने दिलेल्याच जाडीचं हवं. घरी जाड कागदातून कापलेलं गॅस्केट घातलं की झाकण आणि पात्यांमध्ये फट राहते. आतली अर्धचंद्राकार कॅम, जिच्यामुळे पाती वाकतात, तीही झिजते. बसवताना पात्यांना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. साधं ग्रीस नको, काही रबरांना ते फुगवतं.

इथवर सगळं ठीक निघालं आणि तरी बादलीत पाणी कमी भरत असेल, तर अडथळा पंपाच्या पुढे आहे. तिथे वळण्याआधी इतर शक्यता झटपट बाजूला करू, कारण तुमच्या मेकॅनिकचं म्हणणंही नीट तपासायला हवं.

हेड गॅस्केट फुटलं की ज्वलनाचा वायू आतल्या पाण्यात शिरतो. मग थंड इंजिन चालू करून दोन-तीन मिनिटांत, पाणी गरम व्हायच्या आत, पाइप दाबून पाहिले तर टणक लागतात. टाकीत बुडबुडे येत राहतात, थांबत नाहीत. कूलंट बाहेर फेकलं जातं. तुमच्याकडे कूलंट जागच्या जागी आहे. संशय उरलाच तर टाकीच्या तोंडावर धरायचं रासायनिक चाचणीचं नळकांडं मिळतं. आतल्या निळ्या द्रवाचा रंग बदलून हिरवा किंवा पिवळा झाला तर ज्वलनाचा वायू आहे. कॅप थंड इंजिनवरच काढा, मग इंजिन गरम करून आणि थोडा भार देऊन दहा मिनिटं ही चाचणी घ्या, मग मेकॅनिकशी बोला. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. महिनाभर १०० च्या वर चालवत राहिलात तर आज धड असलेलं गॅस्केट खरोखरच जाईल.

प्रेशर कॅप स्वस्त असते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. अर्ध्या बारची कॅप पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १११ अंशांवर नेते, ०.९ बारची ११८ च्या पुढे. स्प्रिंग ढिली झाली की पाणी आधीच उकळायला लागतं, वाफेचे कप्पे होतात आणि काटा वेडावाकडा नाचतो. तुमचा काटा हळूहळू, सरळ चढतो, म्हणून माझा कॅपवर फारसा संशय नाही. थर्मोस्टॅट नवा आहे, तरी नवे खराब निघतात. भांड्यात पाण्यात दोऱ्याने टांगा, थर्मामीटर धरा, त्यावर लिहिलेल्या आकड्याला उघडायला लागतो का आणि त्यापुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतो का ते बघा. तळाला टेकू देऊ नका, भांड्याचा तळ पाण्याहून गरम असतो. आणि थर्मोस्टॅट काढूनच टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं गरम पाणी हीट एक्स्चेंजरला न शिवता तसंच परत फिरतं, आणि इंजिन जास्तच तापतं.

आतल्या पाण्याच्या पंपाचा पट्टा सैल असेल तर आजूबाजूला काळी भुकटी दिसते. कूलंट बदलल्यानंतर हवा अडकली असेल तर वरच्या ब्लीड स्क्रूतून काढा.

भार मात्र तपासायलाच हवा. मोकळ्या पाण्यात, इंजिन गरम झाल्यावर, अगदी थोडा वेळ पूर्ण थ्रॉटल देऊन बघा. मॅन्युअलमध्ये ३००० लिहिलं असेल आणि तुमचं २६०० वर अडत असेल तर इंजिनला ओझं पेलत नाही. तळाला शेवाळ आणि शिंपले, प्रोपेलरवर कवचं, शाफ्टला गुंडाळलेली दोरी, किंवा प्रोपेलरच जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोट जास्त पुढे ढकलू पाहणारा. अशा इंजिनला पाणी पुरेसं मिळालं तरी ते तापेल, आणि काळा धूरही काढेल. तुमच्या धुरात फरक नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून हेही मी मागे ठेवतो. चाचणी घेताना काटा ९५ ला गेला की लगेच थांबा.

आता पुढे, जिथे ती दोन पाती असावीत.

पाणी बहुतेक इंजिनांत पंपातून आधी गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरमध्ये जातं, मग हीट एक्स्चेंजरमध्ये, मग एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये आणि तिथून धुराबरोबर बाहेर. काही इंजिनांत क्रम वेगळा असतो, म्हणून पंपापासून पाइपवर बोट ठेवून स्वतः माग काढा. कूलर असो वा एक्स्चेंजर, आत पेन्सिलच्या जाडीच्या किंवा त्याहून बारीक नळ्यांची जुडी असते. इम्पेलरचं पातं त्या नळीत शिरत नाही. ते जुडीच्या तोंडावर जाऊन चिकटतं आणि पाण्याचा दाब त्याला तिथेच धरून ठेवतो. एक पातं पाच-सहा नळ्या सहज झाकतं. त्याच्या आडोशाला मग गवत, वाळू, झिंकचे कण साचत जातात. म्हणूनच इम्पेलर बदलल्यावर सुरुवातीचे काही दिवस बरे जातात आणि नंतर तापणं वाढतं.

सी-कॉक बंद करा. ऑइल कूलरच्या पाणी आत येणाऱ्या बाजूचा पाइप काढा आणि आत टॉर्च मारा. नुसतं वरून बघू नका, छोटा आरसा घ्या. रबर काळं, आतली भिंत काळी, सहज नजर चुकते. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने हळूच ओढा. मग दुसऱ्या बाजूने, म्हणजे उलट दिशेने, नळाचं पाणी सोडा. ज्या दिशेने कचरा अडकला त्याच दिशेने पाणी मारलं तर तो आणखी घट्ट बसतो. हीट एक्स्चेंजरचं झाकण काढून तेच करा. पंप ते कूलर आणि कूलर ते एक्स्चेंजर हे पाइपही काढून आरपार बघा. कोपऱ्याच्या वळणात पातं आडवं बसलेलं मला सापडलेलं आहे.

एक्स्चेंजर उघडलाच आहे तर पुढचं कामही आटोपून घ्या. नळ्यांच्या आत पांढरट-करडा थर असेल तर तो क्षार. तो पाणी फारसं अडवत नाही, उष्णता अडवतो. या दोन बिघाडांतला फरक मोजून कळतो आणि हे करायला मला फार आवडतं, कारण यात अंदाजाला जागा उरत नाही. एक लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. समजा इंजिन पाण्यात ३० किलोवॉट उष्णता टाकतंय आणि मिनिटाला ६० लिटर पाणी जातंय, तर पाणी आत जाताना आणि बाहेर पडताना सात अंशांचा फरक दिसेल. पाणी निम्मं झालं तर फरक चौदाचा. म्हणून एक्स्चेंजरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांच्या धातूच्या तोंडांवर काळी टेप लावा, २००० च्या पुढे भार देऊन दोन्हीकडे मोजा. आतलं पाणी गरम आणि बाहेरच्या पाण्यातला फरक खूप मोठा, तर पाणी कमी पडतंय. आतलं पाणी गरम, पण बाहेरच्या पाण्यातला फरक जेमतेम, तर पाणी भरपूर आहे, उष्णता नळीच्या भिंतीतून पलीकडे जात नाहीये, म्हणजे क्षाराचा थर.

क्षार काढताना घाई करू नका. जुडी बाहेर काढता आली तर काढा, कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड कुणी सुचवेल, ते वापरू नका. एक्स्चेंजरचं घर ॲल्युमिनियमचं असेल तर ते ॲसिड डोळ्यांदेखत त्याला खाऊन टाकतं, आणि नळ्यांचे पातळ झालेले भागही भोकं पडून मोकळे होतात. सायट्रिकमध्येसुद्धा ॲल्युमिनियमचं घर बुडवायचं नाही. नळ्यांतून दांडी फिरवायची तर लाकडाची. स्टीलच्या सळईने आतला संरक्षक थर खरवडला जातो. दोन्ही टोकांच्या रबरी रिंगा नव्या घाला. झिंकची पेन्सिल (बाकी धातू वाचवायला स्वतः गंजत जाणारी कांडी) अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर बदला, आणि तिच्या चुड्यांना टेप लावू नका, धातूला धातू टेकला तरच ती काम करते. जुन्या झिंकचे तुटके तुकडे एक्स्चेंजरच्या तळाशी पडलेले असतात, तेही उचला. त्यांनीही नळ्या बुजतात.

एवढं करूनही बादलीत पाणी कमीच आलं तर एल्बो काढा. एल्बोत पाणी धुरात मिसळतं, तिथे काजळी आणि मीठ मिळून दगडासारखी खपली बनते. मोकळी वाट बोटाएवढी असायला हवी, तिथे काडी जेमतेम जाईल इतकं भोक उरलेलं मी पाहिलं आहे. असा एल्बो पाणीही अडवतो आणि धूरही, म्हणून इंजिन पूर्ण आरपीएमही गाठत नाही. खरवडून साफ होतो, पण बाहेरून गंजाचे ओघळ दिसत असतील तर नवाच बसवा. त्याला लागलेला एक्झॉस्टचा रबरी पाइपही आतून बघा. एकदा कोरडा तापला असेल तर आतला थर सुटून झडपेसारखा लोंबतो.

काम संपवून इंजिन चालू करताना जपा. सी-कॉक उघडायला विसरू नका. आणि काही कारणाने इंजिन लगेच चालू झालं नाही, स्टार्टर पुन्हा पुन्हा मारावा लागला, तर मात्र सी-कॉक बंद करून मारा आणि इंजिन धरताक्षणी उघडा. स्टार्टरवर फिरणारं इंजिन पाणी ओढतं, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. वॉटरलॉक भरतो आणि पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. तापणाऱ्या इंजिनच्या दुरुस्तीत चांगलं इंजिन गमावण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

पुढे जमेल तेव्हा एक्झॉस्टच्या पाइपवर तापमानाचा अलार्म बसवून घ्या. पाणी थांबलं की तो पाइप काही सेकंदांतच तापायला लागतो. आतल्या पाण्याचा काटा हलायला मात्र काही मिनिटं जातात, आणि तेवढ्यात इम्पेलर गेलेला असतो.

जुना इम्पेलर तुम्ही फेकला नसेल अशी आशा आहे. ऑइल कूलर किंवा एक्स्चेंजरमधून रबराचे जे तुकडे निघतील ते धुवा, पुसा, आणि वर्तमानपत्रावर त्या इम्पेलरशेजारी मांडा. प्रत्येक तुकडा त्याच्या तुटलेल्या बुंध्याला लावून बघा, कडा कडेला जुळली पाहिजे. दोन्ही पाती टोकापासून बुंध्यापर्यंत पूर्ण भरली तर पाइप बसवा आणि १००० व २००० चं माप नव्याने घ्या. एखाद्या पात्याचा नखाएवढा कोपरा जरी कमी पडला, तरी तो अजून आत आहे. पुढचा पाइप सोडवा.